अकरा ताटं सोडून मुलुंडला

सकाळचे अकरा वाजले नव्हते आणि नवरा दारात उभा होता. मी त्याच्या हातातला डबा घेतला तर डबा जड. उघडून बघायची गरज नव्हती. साडेपाचला मी भरला होता तसाच तो परत आला होता.

"काय झालं?"

"ब्रेक दिला."

"म्हणजे?"

"म्हणजे काढलं. सहा महिने भरायला सहा दिवस होते. गेटवर वॉचमनने पास मागून घेतला. म्हणाला, आत जायची गरज नाही, पगार दहा तारखेला घेऊन जा."

तो बूट न काढता उंबऱ्यावर बसला. सासू तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली.

"डबो तसोच हाडलंस?"

"होय."

"मगे जेव आदी. भाकरी कडक होतली."

आणि तो जेवला. सकाळी अकराला, बूट घालून, उंबऱ्यावर बसून. मी उभी राहून मनात मोजत होते की आपल्याकडे आता काय काय नाही. मिलची नोकरी नाही, तिचा राजीनामा दिलेला. लालबागची खोली नाही, ती पागडीवर देऊन टाकलेली. माझी खानावळ नाही. आम्ही बसलो होतो ती मुलुंडची खोली अकरा महिन्यांच्या करारावर, त्यातले सहा संपत आलेले, आणि तिच्यासाठी दिलेले पाच हजार रुपये मालकिणीकडे. घरात माणसं पाच. आम्ही दोघं, सासू आणि दोन मुली. मुली अंगणात सागरगोटे खेळत होत्या. मे संपत आला होता, शाळेला सुट्टी होती.

शेवटचा घास खाऊन त्याने डबा बाजूला सारला आणि म्हणाला, "गावाक जावया."

मला भीती होती ती याच शब्दांची. गावाला घर होतं, भाताचे चार वाफे होते, आणि त्यावर थोरले दीर, जाऊ आणि त्यांची चार मुलं आधीच कशीबशी जगत होती. शिवाय त्या वाडीतली शाळा चौथीपर्यंत. माझ्या माहेरचीही तेवढीच होती. मी चौथी शिकले ती काही डोकं कमी पडलं म्हणून नाही, पुढे वर्गच नव्हता. आमची थोरली त्या जूनला पाचवीत जाणार होती.

"मुली गावाला जाणार नाहीत," मी म्हटलं.

"मग खाणार काय?"

"ते मी बघते."

म्हटलं खरं. बघण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही मुलुंडला आलो कसे ते सांगायला हवं. लोक आता मला म्हणतात, तुम्ही हुशार, संपाच्या आधीच गिरणगावातून बाहेर पडलात. हुशारी कसली डोंबलाची. माझ्या नवऱ्याला दोनशे दहा रुपये जास्त दिसले, म्हणून आम्ही बाहेर पडलो.

लालबागला चाळीत सासऱ्यांच्या नावाची दहा बाय बाराची खोली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू तिथे खानावळ चालवत होती. दोन वर्षांनी तिचे गुडघे गेले आणि खानावळ माझ्याकडे आली. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. आमच्या बाजूचे, मालवण-देवगडकडचे मिलमधले लोक. बायका-मुलं गावाला, हे इथे दाटीवाटीने कुठेतरी झोपायचे आणि जेवायला आमच्याकडे यायचे. अकरा जण. पाळीप्रमाणे दोन पंगती. सकाळी भाकरी, दुपारी भात आणि कालवण, बाजारात मिळेल ती मासळी. काही नाही मिळालं तर सुकट होतीच. एकजण पहिल्या घासाला "गावच्यासारखा नाय" म्हणायचा आणि तीनदा भात घ्यायचा. दुसरा जेवताना एक शब्द बोलायचा नाही. पण मला बरं नसलं की न सांगता पाण्याचे चार हंडे भरून ठेवायचा. त्यांच्या गावची पत्रं मीच वाचून दाखवायचे. कोणाची म्हैस व्यायली, कोणाच्या सासूचं नि सुनेचं पटत नाही, सगळं मला ठाऊक असे. अंग मोडायचं, पण ते दिवस मला आठवतात. माझ्या हातच्या कालवणाची वाट बघणारी एवढी माणसं पुन्हा एका वेळी कधी बसली नाहीत.

नवरा मिलमध्ये मशीन दुरुस्तीच्या कामाला होता. चौदा वर्षं झालेली, परमनंट. त्याला एका गाववाल्याने सांगितलं की मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका कंपनीत फिटर हवेत. गेला, हात दाखवला, त्यांनी घेतो म्हटलं. घरी येऊन त्याने पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. इकडे मिलचा पगार, तिकडे कंपनीचा. दोनशे दहा रुपये फरक. त्यातून मुलुंडच्या खोलीचं भाडं गेलं तरी शंभर उरतात म्हणाला, वर स्वतंत्र नळ.

त्या हिशेबात माझी खानावळ नव्हती.

त्याने मुद्दाम गाळली असं मी म्हणणार नाही. तिचा पगार नव्हता, पाकीट नव्हतं, म्हणून त्याच्या पेन्सिलीला ती दिसली नाही. पण मला तर बेरीज-वजाबाकी येत होती. मी शेजारी बसले होते. मीही बोलले नाही. जेवणं घालणं हे काम आहे असं मलाच वाटत नव्हतं. ते आपलं घरातलं असतं ना, भांडी घासण्यासारखं. गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या पैशातून बाजारहाट होऊन महिन्याला तीनशेच्या आसपास माझ्या हातात राहायचे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आम्ही पाचही जण त्याच टोपातलं जेवायचो. आमच्या घरात आमच्यासाठी म्हणून तांदूळ कधी विकत आणलाच नव्हता. हे मला मुलुंडला गेल्यावर पहिल्या महिन्यात कळलं.

खोली पागडीवर गेली. चाळीच्या मालकाने आपला वाटा घेतला, थोरल्या दिरांनी आपला. बाप दोघांचा, त्यांचं चुकलं नाही. उरलं त्यातले पाच हजार मुलुंडला डिपॉझिट, बाकीचे नणंदेच्या लग्नाचं देणं होतं त्यात गेले. मिलच्या फंडाचे पैसे येतील म्हणून आम्ही निर्धास्त. ते पुढे वर्षभर आले नाहीत. मोठे टोप, परात, पळ्या मी शेजारच्या खानावळवालीला विकल्या. अकरा माणसंही तिच्याकडेच गेली. भांड्यांचे पैसे मिळाले, माणसांचे कोण देतो?

मुलुंडची मालकीण कच्छी बाई, साठीची, विधवा. सगळे तिला बा म्हणत, म्हणून आम्हीही. तिचं बैठं घर, मागे दोन खोल्या, त्यातली एक आम्हाला. टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हा पत्र्याचा एक डबा निसटून अंगणात पडला आणि झाकण उडालं. आत सुके बोंबील.

बा ओट्यावरून खाली आली. नाकाला पदर लावला. "आ शुं छे?"

सासू म्हणाली, "बोंबील."

"जो बेन," बा माझ्याकडे वळली, "मच्छी माझ्या घरात नाय चालणार. तुझ्या माणसाने मला सांगितलं, आम्ही माळकरी आहोत."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो टेम्पोवाल्याला दोरी कशी सोडायची ते शिकवत होता.

सासू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माळकरी? ह्यो? ह्येच्या गळ्यात लग्नात पडली ती येकच माळ."

डबा टेम्पोवाल्याने नेला. खूष झाला तो. नंतर मी नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "खोली हातची गेली असती. चार दिवस नाही खाल्ले मासे तर काय मरतो?"

तो कंपनीच्या कँटीनमध्ये डब्यातल्या भाकरीला मासे घेत होता, त्याचं काय मरतंय.

पण खोली चांगली होती. ते मान्य करायला हवं. अंगणात पेरूचं झाड, दाराशी नळ, आणि नळाला पाणी. लालबागला पाण्यासाठी मी चौदा वर्षं रांगेत उभी राहिले होते, इथे पहिल्या दिवशी नळ सोडून नुसती बघत बसले. सकाळी पश्चिमेला डोंगर दिसायचा. मुलुंड तेव्हा अर्धं गाव होतं. आग्रा रोडच्या कडेला कंपन्या एकीला लागून एक, कुठे औषधाचा वास, कुठे रबराचा, पण आत गल्ल्यांत झाडं, बैठी घरं, संध्याकाळी लोक दारात खुर्च्या टाकून बसलेले. धाकटी दोन महिन्यांत बाच्याकडून गुजराती आकडे शिकली. थोरली पेरूवरून उतरायचीच नाही. मीही दुपारी झोपायला शिकले. आधी कधी झोपले नव्हते. तो आराम पुरा सहा महिने टिकला आणि महाग पडला.

कारण पगार पुरेना. नवरा विचारायचा, "एवढे पैसे जातात कुठे?"

"पाच तोंडांत."

"मग लालबागला कुठे जात होते?"

"तिथे ही तोंडं अकरा जणांच्या ताटातून भरत होती. तुझ्या कॅलेंडरच्या मागे लिहिलं नव्हतंस ते."

नवऱ्याला मी चारचौघांत अहो म्हणायचे. पैशाचं बोलणं निघालं की तू.

 आशा एकच होती, सहा महिने झाले की तो परमनंट होणार आणि पगार वाढणार. मिलमध्ये बदलीवाला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर लागणारा, वर्षानुवर्षं रखडायचा, पण एकदा नाव चढलं की चढलं. आमच्या लोकांना नोकरी म्हणजे एवढंच ठाऊक. आग्रा रोडवर रीत निराळी होती. सहा महिने भरू द्यायचेच नाहीत. हे त्या रस्त्यावरच्या पानवाल्यालासुद्धा माहीत होतं. आम्ही त्याला विचारलं नव्हतं.

तर तो डबा तसाच घेऊन घरी आला त्या दिवसावर येते.

तो जेवून आडवा झाला आणि मी बाच्या दारात गेले. म्हटलं, बा, आमचं डिपॉझिट परत द्या, आम्ही कुठेतरी स्वस्तात झोपडं बघतो.

बाने बोट वर केलं. मी वर बघितलं. मागच्या दोन्ही खोल्यांवर आधी मंगलोरी कौलं होती, ती गळायची. त्याच महिन्यात बाने ती उतरवून नवे पत्रे घातले होते.

"तुझे पैसे तुझ्या माथ्यावर आहेत," बा म्हणाली. "काढून नेते का? ने."

मला राग आला आणि हसूही आलं. पत्रे काढून कुठे नेऊ? मी विचारलं, "मग भाडं थांबवाल का दोन महिने?"

"एक महिना."

"एका महिन्यात काय होतं, बा?"

"पोर होत नाय, बाकी सगळं होते," म्हणाली आणि आत गेली.

मी त्याच आठवड्यात खानावळ पुन्हा लावली. दुसरं काही येतच नव्हतं मला. मोठा टोप चोरबाजारातून जुना आणला. नवऱ्याच्या कंपनीत आमच्याकडचेच चार जण होते, भांडुपला खोली करून राहणारे, त्यांना डबा ठरवला; सकाळी कामावर जाताना ते स्वतः घेऊन जायचे. पण मासे नाहीत. काळ्या वाटाण्याची उसळ, डाळ, भाजी, पुन्हा वाटाणा. पहिले चार दिवस त्यांनी ते खाल्लं. पाचव्या दिवशी एकजण डबा परत देताना म्हणाला, "वैनी, कोणाचं सुतक हा काय?"

"नाही."

"नाय म्हणजे, तेरा दिवसांचा असला तर आम्ही थांबतो. कायमचा असला तर सांग."

आठवडा संपला तेव्हा दोघं गेले. उरलेल्या दोघांपैकी एकाचं पोट बिघडलेलं होतं, म्हणून तो टिकला. नवरा गावाला जायचं रोज काढायचा नाही, पण ट्रंक उघडून बसायचा. एकदा बघितलं तर मुलींची दाखल्याची कागदं काढून वेगळी ठेवली होती. गावच्या शाळेत लागतील म्हणून. मी ती परत आत टाकली. 

पुढच्या रविवारी बा तिच्या देरासरात, जैनांच्या देवळात, गेली. तिथे गेली की दोन तास तरी परत येत नसे. मी नळावर कपडे धूत होते. नाकात वास शिरला आणि मला कळलं. सासूने मिठागराकडच्या एका आगरी बाईकडून बोंबील मिळवले होते आणि ती स्टोव्हवर भाजत बसली होती. मी आत गेले. ती म्हणाली, "चटणी करतंय. डब्यात घाल. बघूया खय जातत ते."

मी थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. उलट खिडकी लावून घेतली.

बा त्या दिवशी अर्ध्या तासात परत आली. तिचा चष्मा घरी राहिला होता. आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बेन, तुमची माळ जळते वाटतं. वास येतोय."

सासूने तवा खाली ठेवला. नवरा कोपऱ्यात उभा होता तो आणखी कोपऱ्यात गेला. मी ओल्या हातांनी बाहेर आले. खोटं बोलून आता काही मिळणार नव्हतं.

"बा, माळबीळ काही नाही. हा खोटं बोलला तुमच्याशी. आम्ही मासे खाणारी माणसं. याची नोकरी गेली आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मी डबे देते. डब्यात मासे नसले तर आमची माणसं जेवत नाहीत. ती जेवली नाहीत तर तुमचं भाडं येणार नाही. हाकलायचं असेल तर आज हाकला, म्हणजे मुलींची शाळा लागायच्या आत आम्ही जातो. राहायला सांगायचं असेल तर कसं राहायचं ते सांगा."

बाने आतून राहिलेला चष्मा आणून डोळ्यांवर चढवला. मग चप्पल घातली, माझा दंड धरला आणि मला घराच्या मागे घेऊन गेली. तिथे तिच्या जागेची भिंत होती, छातीएवढी. भिंतीपलीकडे एक बोळ, पलीकडे गटार. तिची उतरवलेली कौलं त्या बोळातच रचून ठेवलेली.

भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "हे माझं. ते नाय माझं. ते म्युनिसिपालटीचं. तिकडे तू मगर शिजव, मला काय. भांडी तिकडची तिकडे. हात धुवून आत यायचं. आणि वारा माझ्या बाजूला असला त्या दिवशी वाटाणा."

वाऱ्याचं ती गमतीने म्हणाली की खरं, मला कळलं नाही. मी ते पाळलं.

त्या दुपारी आम्ही बोळात चूल मांडली. तीन दगड आणि एक रॉकेलचा स्टोव्ह. कौलं होतीच, सासूने बांबूवर ताडपत्री टाकून कडेला कौलं रचली आणि आडोसा केला. ती रोज सकाळी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून मासे तळायची. भात, भाकरी, डाळ मी आत करायचे. मग टोपली घेऊन फाटकातून बाहेर, घराला वळसा घालून बोळात तिच्याकडे, डबे भरून परत. पावसात थोरली मुलगी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहायची, शाळेची वेळ होईपर्यंत. बा कधी त्या बाजूला यायची नाही. पण भिंतीच्या अलीकडून म्हातारीला, म्हणजे तिच्या भाषेत डोसीला, ओरडून विचारायची, "ए डोसी, भिजली काय?" आणि सासू मालवणीत उत्तर द्यायची. बाची मोडकी मराठी सासूला धड कळत नसे, सासूची मालवणी बाला मुळीच नाही. तरी रोज दहा मिनिटं चालायचं.

गेलेले दोघं परत आले. आणखी तिघं आले. पण आता मासे तळून होईपर्यंत त्यांची पाळी सुरू झालेली असायची, मग प्रश्न आला की डबे पोचवायचे कोणी? माणसं दुपारी कंपनीत, आणि ती कंपनी तीच. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही जा.

"त्या गेटवर? मी?"

"मग कोण?"

"लोक काय म्हणतील? परवापर्यंत आत मशीन खोलत होता, आता डबे घेऊन आला."

सासू भाकऱ्या मोजत होती. म्हणाली, "मगे मी जातंय. सांगतंय, ह्येची आवस मी. झिलाक लाज वाटता, म्हणान म्हातारी इली."

तो गेला.  गेटवर काय झालं ते त्याने तिसऱ्या दिवशी आपण होऊन सांगितलं. वॉचमनने त्याला गेटवर अडवलं होतं. नवऱ्याचा पास काढून घेतला होता तो याच वॉचमनने.

"डब्यात काय आहे?" वॉचमनने विचारलं.

"बांगडा."

"उघडून दाखव."

दाखवला. वॉचमन म्हणाला, "मला पण लाव एक. आणि माझ्यावर राग धरू नकोस बाबा. दर सहा महिन्यांनी पंधरा-वीस पास गोळा करतो मी. माझा स्वतःचा दोनदा गेला आहे."

वॉचमन आमचा आठवा माणूस. तो मात्र पैसे वेळेवर द्यायचा.

थोरलीचं नाव मुलुंडच्या शाळेत पाचवीला घातलं. ट्रंकेतली कागदं त्याच कामाला आली. ती जूनमध्ये शाळेत गेली त्या दिवशी मी बोळात उभी राहून नऊ डबे भरत होते, त्यामुळे तिला सोडायला जाता आलं नाही. तिला अजून तो राग आहे. असू दे.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. म्युनिसिपालटीच्या माणसांनी एकदा स्टोव्ह उचलून नेला, दंड भरून सोडवला. दोनदा ताडपत्री वाऱ्याने नेली. नवरा मधे लालबागला जाऊन आला, जुन्या मिलमध्ये परत घेतात का विचारायला. ते म्हणाले, बदलीत नाव घालतो, रोज सकाळी गेटवर उभा राहा, काम असलं तर घेऊ. चौदा वर्षं परमनंट राहिलेला माणूस. तरी गेला. महिन्यात सात दिवस काम मिळालं. पुढच्या जानेवारीत संप झाला आणि तेही दार बंद झालं.

संपाच्या पहिल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या अकरांपैकी दोघं मुलुंडला येऊन गेले. एक तो, न बोलता पाणी भरणारा. दाढी वाढलेली, कॉलर फाटलेली. म्हणाला, आग्रा रोडला काही काम मिळतं का बघायला आलो. ज्या बाईला मी भांडी विकली तिची खानावळ बंद झाली होती. जेवायला माणसंच नव्हती, सगळी गावाला गेली होती. मी त्याला बोळात बसवून जेवायला घातलं. त्याने सगळं खाल्लं आणि माझ्या जेवणाबद्दल पहिल्यांदाच बोलला, "वैनी, गटाराच्या कडेला बसान पण चव तीच."

त्याला काम मिळालं नाही. तो गावाला गेला आणि पुन्हा दिसला नाही.

अकरा महिने संपले तेव्हा बाने करार पुन्हा केला. भाडं वीस रुपये वाढवलं. मी भांडले, पंधरावर आलं. डिपॉझिट मी पुन्हा मागितलं नाही. फंडाचे पैसे शेवटी आले, त्यातून मोठे टोप घेतले, तेही नवऱ्याने आधी मला विचारून, हे लिहून ठेवते, कारण त्याने विचारलं असं त्याआधी झालं नव्हतं. पुढे तो चार कंपन्यांत लागला, चारही ठिकाणी सहा महिने भरू दिले नाहीत. परमनंट तो नंतर कधीच झाला नाही. मधल्या काळात डबे पोचवायचा. एका वेळी सव्वीस डबे झाले होते आमचे, सायकलवरून न्यायचा. मी जोवर चूल चालवली तोवर घर चाललं, आणि मी ती बारा वर्षं चालवली.

मुलुंडला आम्ही पाच जण आलो होतो. सासू सहा वर्षांनी त्याच खोलीत गेली. नवरा नंतर बराच काळ होता, दम्याने गेला. बा पण आता नाही. थोरली मॅट्रिक झाली, नोकरीला लागली, आता निवृत्तीला आली आहे. धाकटी डोंबिवलीला असते. आणि मी आहे.